ॲरिझोनात सापडलेला पाटा

"वहिनी, ही टोपी कशी दिसते?"

पद्माकर भाऊजी स्वैपाकघराच्या दारात उभे होते. डोक्यावर लाल पट्टीची रुंद टोपी, गळ्यात दुर्बीण, पाठीवर माझ्या शिरीषची कॉलेजातली जुनी सॅक आणि खाली घरातला लेंगा.

"बुजगावण्याला सरकारी नोकरी लागल्यासारखी," मी म्हटलं.

"करा चेष्टा. परत येईन तेव्हा पेपरात फोटो येईल माझा."

"कुठल्या पानावर, ते आधी ठरवा."

ते हसले नाहीत. सॅक उतरवून त्यांनी ओट्यावरच नकाशा पसरला, माझ्या कणकेच्या परातीला टेकवून.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. तासगावच्या हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवला. लग्न केलं नाही. शिरीषला मांडीवर घेऊन पानिपत सांगितलं ते यांनीच, त्यामुळे शिरीषने मला अमेरिकेला बोलावलं तेव्हा काकालाही तिकीट पाठवलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. शिरीष आणि सूनबाई केतकी तेव्हा ॲरिझोनात, चँडलर गावात राहायचे. सगळा वाळवंटी मुलूख. आणि आम्ही गेलो ऐन उन्हाळ्यात. दुपारी अंगणात पापड वाळत घातले तर संध्याकाळी तळायची गरज पडू नये, असं ऊन. थोडं वाढवून सांगतेय मी, पण थोडंच.

सुरुवातीला भाऊजी ठीक होते. संध्याकाळी फिरायला जायचे, माझ्या भाकरीला नावं ठेवायचे, टीव्हीवर बेसबॉल बघून झोपी जायचे. मग त्यांना तिथल्या महाराष्ट्र मंडळातले देवस्थळी भेटले. देवस्थळी रिटायर्ड इंजिनियर. घरात काही काम नाही आणि हातात सतत फोन. त्यांनी भाऊजींना एक मेसेज पाठवला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात इजिप्त शिरलं.

गोष्ट अशी होती. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या एका पेपरात बातमी आली होती, की ग्रँड कॅन्यनच्या दरीत, नदीच्या वर उंच कड्यात, एका माणसाला गुहा सापडली. आत दालनंच दालनं. तांब्याची भांडी, धान्याची कोठारं, हातात कमळ धरलेली मूर्ती आणि ममी. म्हणजे इजिप्तचे लोक हजारो वर्षांपूर्वी अमेरिकेत येऊन राहिले होते, असं.

"ममी किती?" जेवताना मी विचारलं.

"रांगाच्या रांगा. सगळ्या पुरुषांच्या."

"बाई एकही नाही?"

"बातमीत तसं स्पष्ट दिलंय."

"आणि जेवायचं दालन आहे म्हणालात ना?"

"सातशे फूट लांब, वहिनी! भांड्यांसकट!"

"अगंबाई. मग एवढ्यांचं दळत कोण होतं? वाटण कोण वाटत होतं? पाटा-वरवंटा सापडला का तिथे?"

"तुम्ही ना, इतिहासाला थेट स्वैपाकघरात आणता."

"मग कुठे नेऊ? जेवत होते ना ते?"

शिरीष ताटात बघून हसत होता. केतकी हसली नाही. ती तिथल्या सरकारी वाचनालयात कामाला होती आणि असल्या गोष्टींचा तिला मनापासून राग. तिने जुन्या पेपरांतून ती मूळ बातमी शोधून काढली होती.

"काका, त्या बातमीत ज्या माणसाचं नाव आहे ना, तो ज्या मोठ्या संस्थेसाठी काम करतो असं लिहिलंय, त्यांच्याकडे त्याची नोंदच नाही. ते स्वतः सांगतात तसं. पुढे त्या गुहेबद्दल काही छापून आलं नाही. दुसऱ्या कुणाला ती दिसली नाही. त्या काळात पेपर खपावा म्हणून असल्या गोष्टी सर्रास छापायचे."

"नोंद नाही म्हणजे काढून टाकली असणार," भाऊजी म्हणाले.

"का काढतील?"

"हे बघ." नकाशा आला. "हा डोंगर. नाव काय? आयसिस टेंपल. हा ओसायरिस टेंपल. इजिप्तचे देव! उगाच ठेवली नावं?"

"काका, त्याच नकाशात शिवा टेंपल आहे, विष्णू टेंपल आहे, ब्रह्मासुद्धा आहे. मोजणी करायला आलेल्या लोकांना सुळके देवळांसारखे दिसले. त्यांनी जगभरातल्या देवांची नावं दिली. आत दगडाशिवाय काही नाही."

भाऊजींनी घास खाली ठेवला. "शिव आणि विष्णू पण आहेत?"

"आहेत."

"म्हणजे आपलेही लोक आले होते!"

केतकीने पाण्याचा आख्खा ग्लास एका दमात संपवला.

तर असं चाललं होतं. ती पुरावा द्यायची आणि त्या पुराव्यानेच यांची खात्री वाढायची. मी मध्ये पडत नव्हते. मला मनातून ती गुहा आवडली होती, खोटं कशाला बोलू. पण मग भाऊजींचा बेत कळला. जूनच्या शेवटी शिरीष आम्हाला ग्रँड कॅन्यन दाखवायला नेणार होता. तिथे पहाटे उठून एकट्याने दरीत उतरायचं, अर्ध्यावर पायवाट सोडायची आणि गुहा शोधायची.

"काका, दरवर्षी उन्हाळ्यात तिथे माणसं मरतात," केतकी म्हणाली. "उतरताना काही वाटत नाही. चढताना वर सावली नसते, पाणी संपतं. पायवाट सोडली तर शोधायलाही कुणाला जमत नाही. आणि तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे."

"आपण जायचंच रद्द करू," शिरीष म्हणाला.

"मग मी बसने जाईन," भाऊजी म्हणाले. आणि ते गेले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. मी विचारलं, "भाऊजी, काय अडलंय त्या गुहेवाचून?"

त्यांनी शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"वहिनी, मोहेंजोदारो शिकवलं, पाहिलं नाही. इजिप्त शिकवलं, पाहिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांनी खणलेलं फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. एकदा तरी असं काहीतरी बघावं, की जे माझ्या आधी कुणी..." 

मी पुढचा शर्ट त्यांच्या हातात दिला.

त्या शनिवारी केतकीने आम्हाला जवळच्या संग्रहालयात नेलं. भाऊजी मडक्यांवर इजिप्तची अक्षरं शोधत फिरत होते. मी एका काचेपुढे थांबले. आत चक्क पाटा-वरवंटा. मधोमध झिजलेला, कडेला थोडा उंच, वरवंटा अगदी मुठीत बसेलसा.

"याला मेटाटे म्हणतात, आई," केतकी म्हणाली. "इथल्या मूळच्या बायका यावर मका वाटायच्या. खाली पाटीवर सगळं लिहिलंय."

"माझ्या फोनमध्ये फोटो काढ गं याचा. पाटी नको, नुसता पाटा."

तिने काढला. का, ते विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात वटपौर्णिमा आली. आता ॲरिझोनात वड कुठून आणायचा? पण मंडळाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये एक वडाच्या जातीचं झाड होतं, पारंब्या नसलेलं. बायका भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत, नऊवार-पैठण्या नेसून त्या झाडाला सूत गुंडाळायला जमायच्या. शेजारच्या दुकानाचा पहारेकरी पहिल्या वर्षी पोलिसांना बोलावणार होता म्हणे. माझे यजमान कधीच गेलेले, म्हणून मी आपली घडीच्या खुर्चीत सावली धरून बसले. देवस्थळीबाई सूत घेऊन निघाल्या, तशी मी त्यांना हाक मारली.

"अहो, कळलं का? कॅन्यनच्या गुहेत पाटा सापडलाय."

"कसला पाटा?"

"आपला. दगडी." मी फोटो दाखवला. "टाकी कशी लावलीय बघा. हे घाव आपल्याकडच्या पाथरवटाचे. दुसरीकडे कुठे अशी टाकी लावत नाहीत. सातवाहनांच्या काळातला आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"एक प्रोफेसर. नाव सांगू नका म्हणालेत, नोकरी जाईल त्यांची. संग्रहालयात ठेवलाय, पण भलत्याच नावाची पाटी लावून."

देवस्थळीबाईंचे डोळे चमकले. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांना काय वाटलं होतं ते देवच जाणे. पण त्या फेरीला गेल्या आणि पुढच्या बाईच्या कानाला लागल्या. ती तिच्या पुढचीच्या. सगळ्या एकाच झाडाभोवती गोल फिरत होत्या, त्यामुळे बातमीला जायला रस्ता आयताच होता. फेऱ्या संपता संपता बापटांची सून धापा टाकत माझ्याकडे आली. "काकू, ऐकलंत का? कॅन्यनमध्ये पाटा सापडलाय. त्याच्यावर हळदीचे डाग आहेत!"

"हो का?" मी म्हटलं. "तो फोटो हवाय का तुम्हाला?"

मध्ये दोन-तीन दिवस गेले. मी आमटीला फोडणी देत होते तेवढ्यात भाऊजी चष्मा कपाळावर आणि फोन हातात, असे धावत आले.

"वहिनी! पाटा! तुम्ही विचारलं होतंत ना, पाटा सापडला का? सापडलाय!"

"काय सांगता!"

"सातवाहनकालीन. हळदीचे डाग. प्रयोगशाळेत तपासलेत. आणि खालच्या बाजूला ब्राह्मी अक्षरं! पुण्याच्या कुणा संशोधकाने वाचली, तर त्याची बदली केली. आणि एकाने नाही पाठवलं हे, तिघांनी पाठवलंय. देवस्थळींनी, बॉस्टनच्या एका गृहस्थांनी, आणि आपल्या तासगावच्या हेडमास्तरांनी. तिघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत! आता केतकीला म्हणावं, दे उत्तर."

मी गॅस बारीक केला. "फोटो आहे?"

"आहे ना. हा बघा."

"मोठा करा जरा. हा डावीकडचा कोपरा."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. काचेत कुणाचं तरी प्रतिबिंब पडलं होतं. रुंद टोपी, तिला लाल पट्टी. गळ्यात दुर्बीण.

भाऊजींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तो कोपरा पुन्हा पाहिला. आमटी रटरटत होती.

"हा मी आहे," ते म्हणाले.

"हो."

"हे आपण गेलो होतो ते संग्रहालय."

"हो. तो मक्याचा पाटा आहे. पाटीवर लिहिलं होतं, तुम्ही मडकी बघत होतात."

"कुणी केलं हे?"

"मी."

"सगळं?"

"पाटा, पाथरवट आणि प्रोफेसर माझे. हळद माझी नाही. ब्राह्मी तर नाहीच नाही, मला येत नाही. ती बहुतेक बॉस्टनची."

"का पण?"

"केतकीचं तुम्ही ऐकेनात. म्हणून म्हटलं, कसं होतं ते दाखवावं. तो पेपरवाला असाच बसला असेल हो उन्हाळ्याच्या दुपारी. मला एक पाटा मिळाला, त्याला एक दरी मिळाली. पुढचं लोकांनी केलं."

मला वाटलं होतं ते हसतील. दीर-भावजयीत एवढं चालतं. लग्न होऊन आले तेव्हा यांनीच माझ्या चपला विहिरीवर लपवल्या होत्या. पण भाऊजींनी फोन ओट्यावर उपडा ठेवला.

"हेडमास्तरांना मी आत्ता उत्तर लिहिलंय," ते म्हणाले. "त्यांनी ते शाळेत वाचून दाखवलं असेल. माझं हसं केलंत तुम्ही, वहिनी."

ते खोलीत गेले. त्या रात्री जेवायला आले नाहीत आणि नंतर आले तेव्हा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी शिरीषकडे मागायचे. पण नकाशाची घडी होऊन तो कपाटात गेला होता. मी म्हटलं, रुसू देत. जीव तर वाचला.

कॅन्यनला जातानाही गाडीत गप्पच. काठावर पोचलो, तर केतकीने हात करून सुळके दाखवले, तो आयसिस, तो पलीकडचा शिवा. संध्याकाळच्या उन्हात खरोखर देवळं वाटत होती, शिखरं, मंडप, सगळं. मी देखील हात जोडायच्या बेतात होते. भाऊजी दुसरीकडे बघत होते.

सकाळी शिरीष आणि केतकी चहा आणायला गेले. मी बाकावर बसून गार वारा खात होते, तेवढ्यात खालच्या वळणावर भाऊजी दिसले. हातात काठी, पाण्याची बाटली, आणि पाय झपाझप खाली.

"भाऊजी! कुठे?"

"फिरायला."

"अहो, गुहा नाहीये ती!"

"माहीत आहे मला नाहीये ते. नदीपर्यंत जाऊन येतो. मला कुणाची सोबत नको."

गुहा शोधायला निघालेला माणूस निदान थकला की परतला असता. हा रागाने निघाला होता. रागावलेला माणूस किती खाली जाईल याचा नेम नसतो, आणि तो राग मीच आणून दिला होता.

मी निघाले मागे. साडी, पायात केतकीचे बूट. उतार होता, त्यामुळे पाय आपोआप पडत होते. ऊन कड्यावरून हळूहळू खाली येत होतं. माझ्या हाका ऐकून ते थांबत नव्हते. मग मी आपलं नेहमीचं हत्यार काढलं.

"अगंबाई! भाऊजी, पाय मुरगळला हो माझा! कट्‌कन वाजलं! त्या दगडावरून घसरला. साप होता तिथे! हिरवट होता, डोळे पिवळे, माझ्याकडे बघून गेला बघा त्या झुडपात! आता घोटा भोपळ्याएवढा होणार!"

खालून आवाज आला, "हवा तेवढा मोठा करा! पुन्हा नाही फसणार मी!"

आणि ते अजून एक वळण उतरले.

मीही उतरले. घोट्याला काही झालेलं नव्हतं. पण पुढच्या वळणावर सावली संपली. ऊन असं एकदम अंगावर आलं, की कुणी भट्टीचं दार उघडावं. डोळ्यांपुढे काळं-पिवळं झालं. हाक मारायला तोंड उघडलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. कशीबशी एका खडकाला टेकून खाली बसले. भाऊजी आणखी दोन वळणं खाली होते, पाठमोरे. मला ते मुंगीएवढे दिसत होते आणि मला काहीही बोलता येत नव्हतं.

मग किती वेळ गेला, सांगता येणार नाही. थंड पाणी तोंडावर आलं तेव्हा मी डोळे उघडले. भाऊजी समोर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी माझा पदर भिजवून डोक्यावर घातला होता आणि बाटली माझ्या ओठांना लावली होती.

"थोडं थोडं. घाई नको. बोलू नका."

मी बोलत नव्हतेच. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. मला त्यांनी कपारीतल्या टीचभर सावलीत सरकवलं आणि स्वतः उन्हात बसले, माझ्यावर सावली पडेल असे. नदीचं नावही काढलं नाही. मला जरा हुशारी आल्यावर हात धरून उठवलं आणि आम्ही वर निघालो. दोन पावलं चालायची, थांबायचं. वरून शिरीषच्या हाका ऐकू येत होत्या, तो पाणी घेऊन धावत उतरत होता.

एका वळणावर टेकलो तेव्हा मी विचारलं, "भाऊजी, पाय मुरगळला म्हणून एवढी बोंब मारली तेव्हा वळून बघितलं नाहीत. मग आता कसे आलात?"

"तेव्हा तुम्ही काय काय सांगितलंत आठवतंय? कट्‌कन वाजलं. साप हिरवट. डोळे पिवळे. तो कुठल्या झुडपात गेला तेसुद्धा."

"मग?"

"मग तुम्ही एकदम गप्प झालात. मी थांबलो. म्हटलं, आता पुढचं काहीतरी येईल, वाघबिघ. काहीच आलं नाही. तेव्हा घाबरलो." त्यांनी काठी टेकली आणि उठले. चार पावलं पुढे जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "त्या पेपरवाल्याने तर दालनाची लांबीसुद्धा दिली होती, वहिनी. सातशे फूट. अंधाऱ्या गुहेत कोण मोजत बसलं होतं हो?"

मी उत्तर दिलं नाही.

ते झर्रकन मागे वळले. चेहरा पांढराफटक.

"काही नाही," मी म्हटलं. "दम लागलाय नुसता. चला."